सत्तावीस हात पाणी

इंजिन आलं ते नेमकं फाल्गुनातल्या अमावस्येला. रहिमतपूरच्या स्टेशनावरून बैलगाडीत घालून आणलेलं ते धूड विहिरीजवळच्या बांधाशी आलं, आणि नाथाजींनी काठी आडवी धरली. अमावस्येला लोखंड जमिनीला लावायचं नाही, उद्या पाडव्याचा सूर्य उगवू दे, मग काय ते. भाऊसो तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. पण ते बापाशी नव्हे, बैलांशी. बैल सोडले, गाडी तिथंच उभी राहिली.

बापलेकांत सरळ बोलणं होऊन चार वर्षं होत आली होती. नाथाजींना धाकट्या लेकाला काही सांगायचं झालं की ते थोरल्या सुनेला सांगत, आणि दहा हातांवर उभा असलेला भाऊसो ते ऐकूनही राहीबाईनं परत सांगेपर्यंत हलत नसे. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण या घरात त्या एकीच्या दोन झाल्या होत्या. एकीवर राहीबाई सासऱ्याची भाकरी भाजायची, दुसरीवर भाऊसोची बायको धोंडुबाई आपल्या घरधन्याची. धूर मात्र एकाच धाब्यातून बाहेर पडायचा.

दिवस कलला तशी राहीबाई दोर आणि वही घेऊन विहिरीवर निघाली. गाडीजवळून जाताना तिचे पाय आपोआप थांबले. इंजिनाला सांगलीतून कुणीतरी तेल पाजूनच पाठवलं होतं, आणि दिवसभर तापलेल्या लोखंडाचा आणि रॉकेलचा वास बांधावर पसरला होता. ब्रह्मदेशातून रजेवर आलेल्या जोतीरामाच्या सदऱ्याला हाच वास यायचा. तीनदा धुतला तरी जायचा नाही. तेव्हा ती नाक मुरडायची, आणि तो मुद्दाम तो सदरा तिच्या उशाशी टाकायचा. आता ती गाडीच्या चाकाला हात लावून कितीतरी वेळ उभी राहिली. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाई इंजिनाची दृष्ट काढतेय.

जोतीराम तिचा नवरा, घरातला थोरला. लष्करात जायचा तो ब्रह्मदेशातल्या तेलाच्या विहिरींवर गेला. तिथं एका साहेबाच्या हाताखाली त्याचं काम मापं घ्यायचं. कुठल्या विहिरीनं आज किती तेल दिलं, काल किती दिलं होतं, ते रोज लिहायचं. आणि मधेच एखादी विहीर झाकून ठेवायची आणि तिच्या तोंडावरच्या दाब मोजायच्या घड्याळाचा काटा किती वेळात किती चढतो ते बघत बसायचं. त्या चढण्याच्या चालीवरून साहेब सांगायचा, खाली तेलाचा साठा केवढा आहे, खडक घट्ट आहे की सच्छिद्र, आणि ही विहीर अजून किती वर्षं चालेल. न बघितलेल्या पाताळाची गोष्ट हा माणूस नुसत्या आकड्यांवरून सांगतो, याचं जोतीरामाला असं वेड लागलं की अडतीस साली रजेवर आल्यावर त्यानं घरच्या विहिरीलाच कामाला लावलं.

"पवऱ्यात किती आलं त्यावरनं आडात किती हाय ते कळत न्हाई," तो तिला म्हणाला होता. "काढायचं थांबव, आन् मग पाणी किती येळात किती चढतंय ते बघ. खालचा खडक त्यातनं बोलतो."

त्यानं अंबाडीचा दोर वळला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपला हात ठेवून एकेक गाठ मारली. टोकाला पितळेची वाटी पालथी बांधली. ती पाण्याला टेकली की खालून 'डुब' असा आवाज यायचा. मोट सुटली की संध्याकाळी एकदा मोजायचं आणि पहाटे मोट जुंपायच्या आधी एकदा. राहीबाईला त्यानं अक्षरं शिकवली नाहीत, वेळच नव्हता. आकडे तेवढे शिकवले. एक्केचाळीसच्या दिवाळीनंतर परत जाताना रेघा मारलेली तिकडचीच एक जाड वही तिच्या हातात दिली आणि बजावलं, एकबी दिस मोकळा सोडू नगंस, मदी भोक पडलं तर साऱ्या आकड्यांची माती हुती.

त्यानंतर चारच महिन्यांत तिकडे लढाई पोचली, आणि जोतीरामाचं पत्र म्हणून आलं नाही.

राहीबाईनं एकही दिवस मोकळा सोडला नाही. ताप असो, पाऊस असो, जत्रा असो, ती काठावर हजर. लोकांनी आधी हसून घेतलं, मग सवय झाली. तिच्या कपाळावरचं कुंकू तसंच होतं आणि ते का ठेवलंस असं विचारायची कुणाची छाती नव्हती. रोज मोजणारी बाई म्हणजे रोज वाट बघणारी बाई, एवढं गावाला कळत होतं.

पण याच वहीनं घर फोडलं होतं. बेचाळीसच्या पाडव्याला पहाटेचं पाणी चोवीस हातांवर होतं. वैशाखात पंचवीस. त्याच आठवड्यात भाऊसोनं बापाचा शब्द मोडून विहिरीच्या तळाला सुरुंग लावला; थोरला नाही तर आपण काहीतरी करून दाखवावं, एवढंच त्याच्या मनात. सुरुंगानं खडकाचा टवकाही धड उडाला नाही. पण दोन दिवसांनी वहीत आकडा पडला अठ्ठावीस. तीन हात पाणी खाली. नाथाजींनी वही तीनदा वाचून घेतली. तळ फुटला, पाणी पाताळात गेलं, जोतीनं जपलेली विहीर यानं फोडली, असं ते एकदाच बोलले आणि मग भाऊसोशी बोलायचेच थांबले. त्यानंतर दर पाडव्याला पहाटेचं पाणी सत्तावीस. चोवीसचा आकडा परत म्हणून आला नाही.

पाडव्याला गुढी उभी राहिली, कडुनिंबाचा पाला चावून झाला. नाथाजींची लेक मनुबाई आणि जावई लालासाहेब आदल्याच दिवशी सांगलीहून इंजिनाबरोबर आले होते. लालासाहेब सांगलीत इंजिनं दुरुस्त करायच्या कारखान्यात मिस्त्री. माणूस बोलायला गोड, पण कामात कुणाच्या बापाचं ऐकणारा नव्हे. सौदा त्यानंच जमवला होता, आणि पत्रानं माप मागवून पंपाचा पायपही तिकडूनच कापून आणला होता: पाणी सत्तावीस हात, हात म्हणजे दीड फूट, म्हणजे झाले साडेचाळीस फूट, वर बुडायला दहा. तरी जोडणीच्या आधी खात्री म्हणून त्यानं खिशातली पोलादी टेप काढली आणि वजन बांधून विहिरीत सोडली.

टेप छत्तीस फुटांवर पाण्याला लागली.

त्यानं परत सोडली. परत छत्तीस. भाऊसोनं स्वतःच्या हातानं सोडून बघितली, आणि त्याचा चेहरा राहीबाईनं कित्येक वर्षांत बघितला नव्हता तसा उजळला. साडेचार फूट पाणी वर आलं होतं. पत्रानं कळवलेला आकडा गेल्या पाडव्याचा धरला तरी एका वर्षात एवढी चढ. मनुबाईनं काठावरच हळदकुंकू वाहिलं. नाथाजी काठी टेकत आले, वाकून बघितलं आणि हात जोडले. विहिरीनं माफ केलं, असं ते पुटपुटले. आणि भाऊसोकडे बघितलं नसलं तरी त्याच्या दिशेला तोंड करून म्हणाले. भाऊसोचं आता थांबणं कठीण होतं. एक एकर ऊस लावायचा बेत होता, तो बघता बघता चार एकरांवर गेला. ज्वारीची रानं मोडायची, बेणं कोरेगावहून उद्याच सांगायचं. धोंडुबाई नवऱ्याकडे बघत होती आणि पदरानं उगाच तोंड पुसत होती.

एकट्या लालासाहेबाच्या कपाळाला आठी होती. टेप गुंडाळत तो म्हणाला, "चैतात पाणी वर येतंय व्हय कुठं? वैनी, आज पाटं दोर किती लागला?"

"सत्तावीस," राहीबाई म्हणाली.

"म्हंजी दोर सत्तावीस म्हणतोय आन् टेप चोवीसच हात. आजच्या आजच." त्यानं भाऊसोकडे बघितलं. "दोराच्या गाठी कुणाच्या हातानं मारल्यात?"

"आमच्या दादाच्या," भाऊसो म्हणाला. "समद्या गावाला ठावं हाय. तुमची टेपच घसरली आसंल दाजी."

राहीबाई काहीतरी निमित्त काढून घरात गेली. माजघरात तिची पत्र्याची ट्रंक होती. लुगड्यांच्या तळाशी, जोतीरामाच्या सदऱ्यात गुंडाळून, एक दोर होता. तिनं तो काढला, मांडीवर घेतला आणि दोन गाठींच्या मधे आपला हात ठेवला. कोपर एका गाठीवर टेकवलं. बोटाचं टोक दुसऱ्या गाठीपर्यंत पोचलं नाही. दोन बोटं कमी पडली.

बेचाळीसच्या वैशाखात, सुरुंगाच्याच आठवड्यात, माण तालुक्यातला एक शिपाई ब्रह्मदेशातून चालत परत आला होता. त्यानं गावच्या देवळापाशी सांगितलं, साहेब लोकांनी माघारी फिरताना तेलाच्या विहिरी स्वतःच्या हातानं निकामी केल्या, आग लावली, आणि काम करणारी माणसं वाट फुटेल तिकडे रानात गेली. त्यातली किती निघाली ते देव जाणे. त्याच दिवशी राहीबाईनं जोतीरामाचा दोर पाण्यातून काढून वाळवला आणि ट्रंकेत ठेवला. दुसऱ्या दिवशी तसलाच नवा दोर वळून, आपल्याच हातानं गाठी मारून, तीच वाटी बांधून ती विहिरीवर गेली. जो तो समजला, दोर जोतीरामाचाच आहे. तिनंही कुणाला वेगळं सांगितलं नाही. हात हा हातच असतो, तो कुणाचा याला काही अर्थ असेल, हे तिच्या डोक्यात आजपर्यंत आलंच नव्हतं.

इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात ते असं. गप्प बसलं तर सगळं गोड होत होतं: विहिरीनं माफ केलं, म्हातारा आज ना उद्या लेकाशी बोलला असता. पण जे पाणी वर आलंच नव्हतं त्याच्या भरवशावर चार एकर ऊस उभा राहिला असता, दोन-तीन महिन्यांत करपला असता, आणि तो करपला की पुन्हा भाऊसोच फोडणारा ठरला असता. आणि बोलायचं तर, जोतीराम येणार म्हणून चार वर्षं साऱ्या घराला धरून ठेवणारी बाई, त्याच्या दोराची पहिल्याच बातमीला घडी घालून मोकळी झाली होती, हे सगळ्यांना कळणार होतं. सगळ्यांना कळलेलं परवडलं असतं. पण ते तिला स्वतःच्या तोंडून ऐकावं लागणार होतं.

ती दोर घेऊन बाहेर आली. विहिरीवर सगळे तसेच उभे होते.

"मामा," ती सासऱ्याला म्हणाली, "हा दोर त्यांचा. मी रोज सोडती त्यो माझा हाय."

कुणालाच काही उमगलं नाही. मग तिनं दोन्ही दोर काठावर शेजारी शेजारी पसरले. जोतीरामाच्या चोवीस गाठी संपल्या तिथं तिची सत्तावीसावी गाठ येऊन भिडली. लालासाहेब उकिडवा बसला आणि त्यानं गाठी दोनदा मोजल्या. मग वही मागून घेतली.

"सुरुंगाच्या आदी पाडव्याला सांजंला बत्तीस, पाटं चोवीस. रातीत आठ हात भरायची," तो वाचत गेला. "सुरुंगानंतर दर पाडव्याला सांजंला छत्तीस, पाटं सत्तावीस. नऊ हात. तळ फुटलेली हीर जास्त भरंल का मामा? आडाणी आमी समदे. आकडं वरडून सांगत हुतं आन् आमी निस्तं खालीच बगत हुतो." त्यानं वही मिटली. "वैनीचं नऊ ते जोतीरामाचं आठ. हीर चार वर्सं जिथल्या तिथं हाय. भाऊसोच्या सुरुंगानं तिला काय बी झालं न्हाई."

भाऊसो विहिरीच्या काठावर टेकला. त्याला आनंद झाला नाही. चार वर्षं ज्या गुन्ह्याची त्यानं मनातून कबुलीही देऊन टाकली होती, तो गुन्हा झालाच नव्हता, आणि आता या मोकळ्या झालेल्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना.

मनुबाईनं मात्र भावजयीकडे रोखून बघितलं. तिचा आवाज एरवी मोठा. तो आता अगदी बारीक आला. "म्हंजी वैनी, तवाच तुला ठावं हुतं? आमाला यील यील म्हणत हुतीस, आन् तू दोर काढून ठिवला हुतास?"

"ठावं न्हवतं," राहीबाई म्हणाली. "आजूनबी न्हाई. पर भ्या वाटलं. दोर रोज पाण्यात, आज ना उद्या कुजणार. ते आलं न्हाईत आन् दोरबी गेला, मंग त्यांच्या आंगाचं माप माज्याजवळ कुटलं ऱ्हाणार?"

मनुबाईनं दोराच्या एका गाठीवर बोट टेकवलं. सदऱ्यांचा वास दोन पावसाळ्यांत गेला होता. फोटो कधी काढलाच नव्हता. त्या दोराशिवाय या जगात जोतीरामाची लांबीरुंदी सांगणारं खरंच काही उरलं नव्हतं, आणि हे त्याच्या सख्ख्या बहिणीच्याही आज पहिल्यांदा ध्यानात आलं.

बोलली ती धोंडुबाई. ती कधी मधे बोलायची नाही. "अक्का," ती म्हणाली, "चार वर्सं मामांनी माज्या हातची भाकर खाल्ली न्हाई."

राहीबाईनं मान खाली घातली. धोंडुबाईनं उत्तराची वाट बघितली नाही. ती तशीच घरात गेली, आपल्या चुलीवरची पुरणपोळी ताटात घेतली, वर तुपाची धार धरली, आणि ते ताट घेऊन विहिरीवर आली. भर उन्हात, आंब्याच्या सावलीत तिनं ते नाथाजींपुढं ठेवलं. म्हाताऱ्यानं ताटाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. मग राहीबाईकडे वळला, सवयीनं, निरोप सांगायला. आणि तोंड उघडून तसाच थांबला. निरोप पोचवायला मधे कुणी नको होतं.

"भाऊ," तो म्हणाला, "हात धू. बस हितं."

भाऊसो बापाच्या ताटात जेवला. एकेक घास एवढा वेळ त्यानं जन्मात कधी चघळला नसेल.

दुपारनंतर इंजिन सुरू झालं. चार वेळा फुरफुरलं, पाचव्या वेळी धरलं, आणि पाटात पाण्याचा असा लोट आला की शेजारच्या रानातली माणसं धावत आली. लालासाहेब घड्याळ घेऊन बसला होता. दिवसभर मोट जे पाणी काढी ते इंजिनानं सव्वा तासात काढलं. भाऊसोला अजून चालवायचं होतं. राहीबाईनं जोतीरामाचा दोर सोडला, बत्तिसाव्या गाठीवर वाटी वाजली, आणि ती बास म्हणाली. खालचं पाणी आपल्या चालीनंच येणार, इंजिन आणलं म्हणून ते काही पळत येणार नाही. रात्रीत आठ हात ही विहिरीची चाल, आणि त्या चालीवर एकच एकर ऊस निघेल. हे तिनं कुठून आणलं म्हणून कुणी विचारलं नाही. बोलण्याची धाटणी जोतीरामाची होती, ती सगळ्यांनीच ओळखली. भाऊसोनं कोरेगावचा निरोप बदलला. चार एकरांचा राजा एका एकरावर आला, पण त्या संध्याकाळी तो घरभर शीळ घालत हिंडत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे राहीबाई विहिरीवर आली तर नाथाजी आधीच काठावर येऊन बसलेले. तिनं त्यांच्यासमोर दोर सोडला. डुब. चोवीस. तिनं वहीत आकडा लिहिला. गेल्या चार वर्षांचे आकडे नवाला आठ या हिशेबानं परत लिहायचे होते. ते एका दिवसाचं काम नव्हतं.

ओला दोर तिनं पिळून हातावर घेतला. आता याला रोज पाण्यात घालायचं की परत ट्रंकेत ठेवायचं, हे तिला ठरवता येईना. नाथाजींनी हात पुढे केला. दोर मांडीवर घेऊन त्यांनी कोपर एका गाठीवर ठेवलं आणि सुरकुतलेली बोटं सरळ केली. मधल्या बोटाचं नख बरोबर पुढच्या गाठीवर येऊन टेकलं. त्यांनी दुसरी गाठ बघितली, तिसरी बघितली. सगळीकडे तेच.

"पोरी," ते म्हणाले, "जोतीचा हात माझ्यावर गेला हुता. नवा दोर आण. माज्या हातानं गाठी मारतो. ह्यो तुझा तुज्याजवळ ऱ्हाऊ दे."

तिनं नवा दोर आणून दिला. भाऊसो दुसरं टोक धरून बसला. म्हातारा कोपर टेकवायचा, बोटं पसरायचा, गाठ मारायचा. राहीबाई समोर बसून बघत राहिली. सासऱ्याचा हात तिनं इतकी वर्षं कधी नीट बघितलाच नव्हता. मनगटाचं ते रुंद हाड, अंगठ्याजवळची ती निळी शीर. तिला ते सगळं ओळखीचं होतं, फक्त आता कातडी सैल झाली होती आणि केस पांढरे झाले होते. जोतीराम म्हातारा झाला असता तर त्याचा हात असा दिसला असता. तो बघायला मिळेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

विहिरीचा तळ चाळीस हातांवर. चाळीस गाठी पुरे होत्या. म्हाताऱ्यानं चाळिसावी मारली आणि त्याच्या ध्यानात आलं नसावं, त्यानं एक्केचाळिसावीसाठी कोपर टेकवलं. राहीबाई मोजत होती, पण तिनं थांबा म्हटलं नाही.